सावडीची पोरं

आमच्या संस्थेच्या यवतमाळच्या कार्यशाळेत मला सांगण्यात आलं, वर्षाताई, तुमच्या त्या धुरपताबाईंची यशोगाथा लिहून द्या. दीड पान पुरे. शाळा, पालक आणि गाव एकत्र आले की काय होतं ते त्यात यायला हवं. सोबत एक फोटो, शक्यतो हसरा. मी तिथंच सांगितलं की धुरपताबाई फोटोत हसत नाही आणि तिच्या गोष्टीत शाळा बंद पडते. समोरच्या तरुणानं लॅपटॉप थोडा पुढे ओढला. मग म्हणाला, शेवट जरा पॉझिटिव्ह करता येईल का? मी चहा अर्धा ठेवून उठले. पूर्वी अशा वेळी मी टेबल वाजवून भांडायचे. आता नुसतं डोकं दुखतं. पण बाई लिहिण्यासारखी आहे, म्हणून लिहिते आहे. दीड पानात बसणार नाही, आणि शेवट होता तसाच राहील.

धुरपताबाई वडगव्हाणची. आर्णीच्या रस्त्यावर फाट्याला उतरायचं आणि आत चालत जायचं, असं गाव. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर. नवरा लवकर गेला, एक मुलगी, विजयमाला, तिचं लग्न झालेलं. बाईचं स्वतःचं वावर नाही. पण कापसाच्या दिवसांत गावातल्या कुठल्याही मोठ्या शेतकऱ्याला तिच्या दारात यावं लागतं, कारण वेचणीच्या बायांची टोळी तिची आहे. उजाडायच्या आत ती गल्लीतून निघते आणि प्रत्येक दारासमोर उभी राहून एकेकीला नावानं हाक मारते. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या घरी काल रात्री भांडण झालं, कोणती बाई आज ताप अंगावर काढून येईल, हे तिला हाकेला येणाऱ्या उत्तरावरून कळतं. सगळ्या जमल्या की ती पुढे आणि बाकीच्या मागे, अशा वावरात जातात.

कापूस विचारून फुटत नाही. ऊन कडक पडलं की चार दिवसांत सगळी वावरं एकदम पांढरी होतात आणि एका टोळीला आवरत नाहीत. अशा वेळी धुरपताबाई नाल्यापलीकडच्या तांड्यात जायची. तो हरिसिंग नाईकांचा तांडा, बंजारा वस्ती. तिथली टोळी रुक्माबाईची. रुक्माबाई आपल्या बाया घेऊन इकडे यायची आणि तांड्यातलं काम अडलं की धुरपताबाई आपल्या बाया घेऊन तिकडे जायची. दहा आल्या तर दहाच परत द्यायच्या. याला सावड म्हणतात. यात पैसा नाही, लिहिणं नाही, फक्त बाईला बाई. आणि एक रीत अशी की सावडीवर आलेल्या टोळीला जेवण काम घेणाऱ्यानं द्यायचं, बरं द्यायचं, आणि पाहुण्यांची पंगत आधी बसवायची. घरच्या बायांनी मागून, उरेल ते खायचं. वीसेक वर्षं हे चाललं होतं आणि त्यात कधी कोणी कोणाचा एक दिवसही बुडवला नव्हता.

आता तिच्या घरातली गोष्ट. विजयमाला आणि तिचा नवरा अमर पुण्याकडे चाकणला कंपनीत कामाला आहेत. दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, खोली एक. म्हणून त्यांची मुलगी खुशी आजीजवळ राहायची आणि गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत जायची. अमरला हे मनातून पटत नव्हतं. त्यानं सासूला फोनवर सांगून ठेवलं होतं की गावात शाळा आहे तोवर पोरगी तुमच्याकडे, शाळा बंद पडली की मी घेऊन जाणार. शाळेनंतर खोलीत कडी लावून एकटी बसेल, पण शाळा तर असेल. यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण धुरपताबाईच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. ती रात्री जेवायला बसायची ती खुशी समोर बसते म्हणून, एरवी उभ्यानं भाकर खाऊन झोपली असती. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. तिच्या घरी मुक्काम करताना मी पाहिलं.

मी त्या गावात आले ती शाळेच्या निमित्तानं. पट कमी असलेल्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या, असं वारं सुटलं होतं. वडगव्हाणची मुलं रस्त्यावरच्या मोठ्या गावात जातील, म्हणजे फाटा ओलांडून, ट्रकच्या रस्त्याच्या कडेनं. मोठे जातील, लहान मुली घरी बसतील. हे कळायला फार शिकलेलं असावं लागत नाही, मी स्वतः सातवीनंतर घरी बसलेली आहे. तर मी पालकांच्या बैठका लावायला सुरुवात केली. शाळा व्यवस्थापन समिती जागी झाली, आईबाप शाळेत यायला लागले, तर पटही वाढेल आणि बंद करायला आलेल्यांशी भांडायला माणसंही मिळतील, असा माझा हिशेब. पहिल्या बैठकीला शाळेचे एकुलते एक मास्तर, डंभारे सर, मी आणि समितीचे अध्यक्ष वामनराव, एवढेच होतो. वामनराव गावातले मोठे शेतकरी, त्यांचा नातू आर्णीच्या कॉन्व्हेंटला. ते मोबाईलवर कापसाचा भाव बघत होते. दुसऱ्या बैठकीला वामनरावही आले नाहीत.

मी चिडून धुरपताबाईच्या दारात गेले. तिला म्हटलं, तुमच्या एका हाकेवर गावातली प्रत्येक बाई पहाटे उठते, आणि स्वतःच्या लेकरासाठी दुपारी बारा वाजता शाळेत येत नाही. लाज कशी वाटत नाही या बायांना? ती ओसरीवर बसून फाटलेली ओटी शिवत होती. ओटी म्हणजे कापूस टाकायला कमरेला बांधतात ते फडकं. तिनं दात लावून दोरा तोडला.

"बारा वाजता त्या कुठी असतात?" तिनं विचारलं.

"वावरात."

"मंग बैठक शाळेत काहून ठेवली?"

 मी वही काढली आणि बैठकीची जागा खोडली.

दोन दिवसांनी बैठक वामनरावांच्या वावरात झाली, बांधावरच्या निंबाखाली, दुपारच्या भाकरीच्या वेळी. डंभारे सर मोटरसायकलवर आले, पायात बूट, हातात पिशवी. बायांनी आधी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. एक म्हणाली, सर, उभे राहून कायले सांगता, चार बोंडं वेचत वेचत सांगा, म्हणजे आम्हाले बी वाटंन तुम्ही कामाचे हाये. सरांनी खरंच वेचून बघितलं आणि बोंडाच्या टोकानं बोट रक्ताळून घेतलं. मग हसणं झालं, पाणी झालं, आणि त्यानंतर तो माणूस चांगलं बोलला. एकेकीला तिच्या मुलाचं सांगितलं. तुमचा वाचतो पण कोणाकडे बघत नाही. तुमची सोमवारी येतच नाही, सोमवारी काय असतं? त्या बाईनं भाकर खाली ठेवली आणि सोमवारी आर्णीच्या बाजाराला जाताना धाकट्याला कोणापाशी ठेवायचं, म्हणून पोरीला घरी ठेवते, असं सांगितलं. शेजारची म्हणाली, माह्या सासूपाशी ठेवत जा, ती बसूनच असते. एवढं सोपं होतं. मी इतक्या वर्षांत भाषणं दिली, त्यातून एक पोरगी सोमवारी शाळेत आली नव्हती.

त्यानंतर दर पंधरवड्याला अशी बैठक होत राहिली. हजेरी सुधारली. दोन बायांनी कॉन्व्हेंटला टाकलेली मुलं परत आणण्याचं बोलून दाखवलं, आणली मात्र नाहीत. शाळेचा पट वाढेना, कारण गावात मुलंच तेवढी. तरणी माणसं पुण्याला, नाशिकला, आणि त्यांची मुलं त्यांच्याबरोबर.

मग डंभारे सरांना निरोप आला की अधिकारी बाई शाळा बघायला येणार आहेत. मुलं किती बसतात, पालक शाळेशी जोडलेले आहेत का, हे प्रत्यक्ष बघून त्या कळवतील. सरांनी ते मला फोनवर सांगितलं आणि बांधावरच्या बैठकीत बायांना सांगितलं. धुरपताबाईनं फक्त एवढंच विचारलं की पोरं किती असली तर शाळा राहते. सरांनी आकडा सांगितला. तिनं मान डोलावली आणि ओटी बांधून ओळीला लागली.

त्या संध्याकाळी ती नाला ओलांडून तांड्यात गेली, हे आम्हाला कोणालाही ठाऊक नव्हतं.

भेटीच्या दिवशी मी दुचाकीवरून वडगव्हाणला पोचले तेव्हा नाल्याच्या वाटेनं एक रांग येत होती. पुढे रुक्माबाई, तिच्या मागे तांड्यातली मुलं, आंघोळी करून, तेल लावून, शाळेच्या कपड्यांत. सगळ्यात मागे स्वतः हरिसिंग नाईक, डोक्याला पागोटं, हातात काठी. शाळेच्या फाटकात धुरपताबाई उभी होती. तिनं एकेक डोकं मोजून आत घेतलं, अगदी तांड्याच्या बाया वावरात घेते तसं. मला काय चाललंय ते कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी तिला शाळेच्या मागे ओढून नेलं.

मी तिला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. सार असं की ही फसवणूक आहे, मुलांची नावं ऑनलाइन असतात, पकडले गेलो तर सरांची नोकरी जाईल. 

"फसवणूक कायची?" ती म्हणाली. "उद्या त्याइच्या शाळेत साहेब आला का आपले पोट्टे तिकडं जातीन. त्याइचा पट बी कमीच हाये. काम अडलं तं माणसं आणायची, माणसं देयाची. तू काय नवीन आहे का इथं?"

तिच्या लेखी शाळेत बसणं हे काम होतं, त्याला हात कमी पडत होते, आणि हात उसने आणायची वाट ठरलेली होती. मी अजून काही बोलणार तेवढ्यात जीप आली.

अधिकारी बाई चाळिशीच्या असतील. चेहरा दमलेला, त्या दिवशीची ही त्यांची तिसरी शाळा. त्यांनी वर्ग बघितला, फळा बघितला, मुलांना पाढे विचारले. तांड्याच्या एका मुलानं न अडखळता म्हटले आणि डंभारे सर त्याच्याकडे असे बघत होते की जणू पहिल्यांदाच बघताहेत, जे खरंच होतं. बाई खूश दिसल्या. पालक भेटतात का विचारलं तेव्हा सरांनी वावरातल्या बैठकींचं सांगितलं. बाईंनी ते दोनदा विचारून घेतलं आणि पहिल्यांदा हसल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटायला लागलं होतं की हे निभतंय.

मग जेवणाची सुट्टी झाली.

धुरपताबाईच्या टोळीतल्या बायांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं होतं. पहाटेपासून तिच्या घरी चूल पेटलेली. पोळ्या, पाटवडीचा रस्सा, तूप घातलेला शिरा. तांड्याची मुलं सावडीवर आलेली, म्हणजे पाहुणी. त्यांची पंगत अंगणातल्या निंबाखाली सतरंज्या टाकून वेगळी आणि आधी बसली. गावातल्या मुलांना बायांनी व्हरांड्यात थांबवलं, तुमचं मागून. ती तिथं शाळेच्या खिचडीची ताटं मांडीवर घेऊन, शिऱ्याच्या वासानं वेडी होऊन बसली.

अधिकारी बाई हात धुऊन बाहेर आल्या आणि पायरीवर थबकल्या. त्यांना जे दिसलं ते असं: गावाची पोरं व्हरांड्यात सावलीत, आणि तांड्याची पोरं अंगणात, खाली, वेगळी. त्यांनी एका मुलीला तिचं गाव विचारलं. ती म्हणाली, तांडा. बाईंचा चेहरा बदलला. त्या सरांकडे वळल्या.

"ही मुलं वेगळी का बसवली?"

सर माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगावं तर उसनी पोरं उघडी पडतात, गप्प राहावं तर जातीवरून पंगत वेगळी केल्याचा ठपका. बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि अगदी थंड आवाजात म्हणाल्या की हे मला लिहावं लागेल, आणि हे फक्त पटापुरतं राहणार नाही. मी पुढे सरसावले. मला भांडायची सवय आहे, काय भांडायचं ते तोंड उघडल्यावर सुचतं. पण माझ्या खांद्यावर हात पडला आणि धुरपताबाई मला बाजूला करून पुढे गेली. तिच्या हातात शिऱ्याचा झारा तसाच होता.

"म्याडम, ते खाली बसवले नायी. ते पाव्हणे हायेत. पाव्हण्याची पंगत पयले बसते."

"कसले पाहुणे?"

धुरपताबाईनं एकदा व्हरांड्याकडे बघितलं. तिथं खुशी बसली होती, खिचडीचं ताट मांडीवर घेऊन.

"त्याइची शाळा तिकडं, नाल्यापल्याड हाये," ती म्हणाली. "मी आणले आजच्या दिसापुरते. सरले ठाऊक नोहतं, या ताईले बी नायी. आमची पोरं कमी हायेत म्हून सावडीवर आणले. तुम्हाले काय लिहायचं ते माह्या नावानं लिहा. पण आम्ही तांड्याच्या लेकराइले दूर बसवलं, असं लिहू नका. ते खोटं हाये."

फाटकाजवळ रुक्माबाई उभी होती, तिच्या बाजूला हरिसिंग नाईक. दोघांनी सगळं ऐकलं होतं. रुक्माबाई पुढे येऊन म्हणाली की आमच्या वस्तीतून येताना मीच आणले, आमच्या पोराइले इथं कोणी हाडहूड केली नाही. मग ती पंगतीतल्या एका लहान मुलाजवळ बसली आणि त्याच्या ताटातला शिरा बोटानं गोळा करून त्याला भरवायला लागली. मूल याडी म्हणून तिला बिलगलं. ती त्याची आईच होती.

 अधिकारी बाई व्हरांड्याच्या कठड्यावर बसल्या आणि पाणी मागितलं. त्यांनी सावड म्हणजे काय ते धुरपताबाईकडून नीट समजून घेतलं. हसावं की रागवावं हे त्यांनाच कळत नसावं. शेवटी त्यांनी विचारलं की मग तुमच्या शाळेची मुलं किती, तेवढी उभी करा. धुरपताबाईनं व्हरांड्यातली मुलं उठवली आणि भिंतीपाशी ओळीनं उभी केली. ओळ सुरू झाली आणि लगेच संपली.

बाई निघताना सरांना म्हणाल्या, "पंगतीचं लिहीत नाही. उसन्या मुलांचंही लिहीत नाही. पण पट जो आहे तो लिहीन." यापेक्षा जास्त चांगुलपणा मी कुठल्या अधिकाऱ्यात पाहिलेला नाही, आणि त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

जीप गेल्यावर मी धुरपताबाईवर तुटून पडले. म्हटलं, पंगतीचं प्रकरण मी निस्तरलं असतं, चौकशी लागली असती तर महिनाभर तरी शाळेला कोणी हात लावला नसता. खरं बोलून तुम्ही स्वतःच्या हातानं शाळा बुडवली. तुमची नात जाईल, कळतं का तुम्हाला?

ती उष्टी ताटं गोळा करत होती.

"कळते," ती म्हणाली. "पण ते कागदावर चढलं असतं तं रुक्माले मी कोणतं तोंड दाखवलं असतं? तिनं आपली लेकरं माह्या भरवशावर धाडली. शाळा सरकारची हाये, वर्षा. सावड माही हाये."

मी तिच्यासोबत ताटं उचलायला लागले. राग गेला नव्हता, पण तो कोणावर काढायचा ते समजेना.

शाळेचं नाव बंद होणाऱ्या यादीत आलं. डंभारे सरांना दुसरीकडे पाठवणार असल्याचं कळलं. अमरचा फोन आला की रविवारी येतो, पोरीचे कपडे भरून ठेवा. धुरपताबाईनं ते भरले. तिच्या घरी मी त्या दिवशी होते. तिनं एकेका फ्रॉकची हातानं दाबून घडी केली आणि ती पिशवीत ठेवली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, दाखला कुठल्या शाळेत न्यायचा ते पालकांच्या हातात असतं, रस्त्यावरच्या शाळेतच न्यायला पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. तांड्याची शाळा नाल्यापलीकडे, चालत जाण्यासारखी. तिचाही पट कमीच. इथली मुलं तिकडं गेली तर ती शाळा वाचते.

तिनं हातातली घडी अर्धीच टाकली. मग म्हणाली, "मंग ते एका दिसाचं द्यायचं होतं, ते कायमचंच देऊन टाकू."

एवढं बोलून ती उठली आणि गावात गेली. घरोघर तेच पहाटेसारखं, एकेक दार. बाया कबूल झाल्या, पण पुरुषांनी ग्रामपंचायतीपुढे बसून खोडा घातला. वामनराव समितीचे अध्यक्ष, आणि सगळे दाखले एकदम तांड्याच्या शाळेकडे वळवायचे तर समितीच्या ठरावावर त्यांची सही लागणार होती. ते म्हणाले, आपली पोरं शिकायला तांड्यात जाणार, मग उद्या काय राहिलं? दोघातिघांनी माना डोलावल्या. माझ्या जिभेवर कायद्याची सगळी कलमं आली होती. धुरपताबाईनं मला बोलू दिलं नाही.

"वामनराव, तुमच्या वावरातला कापूस कोणत्या हातानं वेचला जाते?" तिनं विचारलं.

"ते वेगळं हाये."

"वेगळं हाये तं राहू द्या. उद्यापासून माही टोळी तुमच्या वावरात नायी. रुक्माची बी नायी. तुम्ही घरचे हात लावा."

वामनरावांच्या वावरात दुसऱ्या वेचणीचा कापूस फुटून लोंबत होता आणि आकाशात ढग होते. सगळ्यांनी वर बघितलं. वामनराव थोडं हसले, म्हणाले, धुरपता, तू लगेच कुठल्या कुठं नेते, मी आपलं बोललो. सही झाली. त्यांचा नातू आर्णीच्या कॉन्व्हेंटलाच राहिला आणि त्यांना बघून आणखी काही घरांनी आपली मुलं व्हॅनमध्ये बसवली. तांड्याकडे वळली ती निम्मी, त्यात खुशीचं नाव धुरपताबाईनं पहिलं घातलं. तेवढ्यानं तांड्याच्या शाळेचा पट रेषेच्या वर गेला, अगदी बोटभर. पुढच्या वर्षी मोठी मुलं पाचवीला गेली की परत खाली येईल. हे मला माहीत आहे, धुरपताबाईला माहीत आहे, आणि कार्यशाळेतल्या तरुणाला सांगून उपयोग नाही.

रविवारी अमर आला. जेवला, पिशवी दारात ठेवलेली बघितली. सासूनं त्याला अडवलं नाही, रडली नाही. फक्त म्हणाली की उद्या सकाळी माझ्यासंगं चाल, मग घेऊन जा. तो कंटाळून हो म्हणाला.

सोमवारी ती मुलं घेऊन निघाली, तो मागे, मी त्याच्या मागे. नाल्यात गुडघ्याच्या खाली पाणी होतं, दगड मांडलेले. तिनं एकेका मुलाला हात धरून पार केलं. तांड्याच्या शाळेपुढे रुक्माबाईनं स्वयंपाकाची तयारी काढलेली दिसली, सावड फेडायला पाहुणे आले म्हणून. धुरपताबाईनं चुलीवरचं पातेलं उतरवायला लावलं. म्हणाली, एकदा पंगत वेगळी बसली तेवढं बस झालं, आता जे सगळ्याइले तेच याइले. रुक्माबाईला ते लागलं असावं, पण तिनं ऐकलं.

अमर शाळेच्या दारात उभा राहिला. आत मास्तर हजेरी घेत होते. खुशीचं नाव आलं तेव्हा तिनं हजर म्हटलं, मागं वळून बघितलं नाही. तो परत निघाला तेव्हा नाल्यापाशी थांबला.

"पावसाळ्यात इथून कशी येईल?" त्यानं विचारलं.

धुरपताबाईनं एक सरकलेला दगड पायानं नीट बसवला.  पुलाचा अर्ज मी तीनदा टाकलाय.

"ते मले बी नायी माहीत," ती म्हणाली.

 अमर म्हणाला की परीक्षेपर्यंत राहू द्या, पावसाळ्याआधी मी येऊन बघतो. ती हो म्हणाली. त्याला फाट्यावर सोडायला मी गाडी काढली. तो मागे बसला. एसटी आल्यावर एवढंच म्हणाला की ताई, नाल्याचं काहीतरी करा. मी त्याला रागानं उत्तर देणार होते, पण त्याच्या डोळ्यांखाली रात्रपाळीची वर्तुळं होती.

मी परत वडगव्हाणला आले तेव्हा ऊन चढलं होतं. धुरपताबाई उशिरा वावरात पोचली होती. बाया ओळीत बऱ्याच पुढे गेल्या होत्या. तिच्या वाट्याची एक ओळ त्यांनी मधेच तशीच सोडलेली होती, पांढरी, न वेचलेली. धुरपताबाईनं ओटी कमरेला आवळली, खाली वाकली आणि त्या ओळीच्या पहिल्या झाडापासून सुरुवात केली.